डोळ्यांचं औषध नाकातून : एका फवाऱ्याची परीक्षा

औषधाची पारख : लेखांक ६

नव्या औषधाची तुलना औषध नसलेल्या, पण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या गोष्टीशी का करतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज तेच तत्त्व एका प्रत्यक्ष औषधाला लावून पाहू. डोळे कोरडे पडतात, म्हणून नाकात मारायचा हा फवारा आहे.

कोलार रोडवर राहणाऱ्यांना हा त्रास समजावून सांगायला नको. भोपाळचा कोरडा उन्हाळा, बांधकामांची धूळ, एसीची हवा आणि तासन्‌तास मोबाईल. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि बुबुळावरचा अश्रूंचा पातळ थर लवकर सुकतो. डोळे खुपतात, लाल होतात, वाचताना अक्षरं मध्येच पुसट होतात. काहींच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहतं, कारण खुपणाऱ्या डोळ्याला शांत करायला शरीर एकदम पाणी सोडतं. म्हणून डोळ्यांतून पाणी येतं म्हणजे कोरडेपणा नाही, असं समजू नये.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब. ते बाहेरून ओलावा देतात. नाकातल्या फवाऱ्यामागचा विचार निराळा आहे. मिरचीची फोडणी नाकात गेली की डोळे भरून येतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. नाकाच्या आतल्या अस्तरात ट्रायजेमिनल या चेतातंतूच्या शाखा असतात. त्या चाळवल्या की मेंदूमार्फत अश्रुग्रंथींना निरोप जातो. हा मार्ग औषधाने जागा केला, तर डोळा स्वतःचेच अश्रू तयार करील. त्या अश्रूंत पाण्याबरोबर डोळ्याचं रक्षण करणारी प्रथिनंही असतात.

हे औषध म्हणजे व्हॅरेनिक्लिन. धूम्रपान सोडवण्यासाठी त्याची गोळी २००६ पासून अमेरिकेत वापरात आहे. त्याच्याच फवाऱ्याला तिथल्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरड्या डोळ्यांसाठी मान्यता दिली. नाव ‘टिर्वाया’. प्रत्येक नाकपुडीत ०.०३ मिलिग्रॅमचा एक फवारा, दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने.

मान्यतेआधीच्या मोठ्या चाचणीचं नाव ‘ऑनसेट-२’. तिच्यात ७५८ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. दोन गटांना औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा मिळाल्या, तिसऱ्याला औषध नसलेला फवारा. मोजमापासाठी शर्मर चाचणी वापरली. खालच्या पापणीच्या आत कागदाची पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचं. चार आठवड्यांनी पट्टी आधीपेक्षा किमान १० मिलिमीटर अधिक भिजली, तर फायदा झाला असं धरलं.

आता आकडे नीट वाचू. मान्यता मिळालेल्या मात्रेच्या गटात सुमारे ४७ टक्के रुग्णांना एवढा फायदा झाला. औषध नसलेल्या फवाऱ्याच्या गटातही सुमारे २८ टक्के रुग्णांना तो झाला. औषधाचं खरं श्रेय मधल्या फरकाचं, म्हणजे शंभरात साधारण १९ जणांचं. जाहिरातीत फक्त ४७ छापता येतो. वाचकाने २८ विचारलाच पाहिजे.

आणखी एक अडचण आहे. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांना शिंका आल्या. इतक्या शिंका येऊ लागल्या की आपल्याला खरं औषध मिळालंय, असा अंदाज रुग्ण बांधू शकतो, आणि ‘बरं वाटतंय’ या उत्तरावर त्याची छाया पडते. म्हणूनच पट्टीसारखं मोजमाप मोलाचं. पण पट्टी भिजली म्हणजे माणसाला आराम पडलाच असं नाही. पट्टीवर फरक स्पष्ट दिसला, तरी रुग्णांना जाणवणाऱ्या कोरडेपणात तो तितका ठळक नव्हता. दोन्ही गोष्टी एकत्र पाहूनच औषधाचं मोल ठरवावं.

भोपाळमध्ये हा विषय आकड्यांपाशी संपत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूच्या गळतीने या शहराच्या डोळ्यांवर घाला घातला. पुढे वायुपीडितांवर झालेल्या औषध-चाचण्यांत रुग्णांना पुरेशी कल्पना दिली नव्हती, असे गंभीर आक्षेप घेतले गेले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये न्यायालयाने रुग्णाच्या संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याचे निर्देश दिले. २०१९ च्या नियमांनुसार नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ते आवश्यक आहे.

म्हणून कुठल्याही औषधाच्या चाचणीसाठी विचारणा झाली, तर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदली आहे का? मला औषध नसलेला पर्यायही मिळू शकतो का? अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? मध्येच बाहेर पडलो, तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? कागद आपल्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चाचणी रुग्णाच्या शरीरावर होते, तेव्हा उत्तरांवर पहिला हक्क त्याचाच.

(पुढील आठवड्यात : चाचणी मध्येच थांबवण्याचा निर्णय कोण घेतं?)