हातावरचे पाणी

पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेले बेथ एल सिनेगॉग आहे. ते बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनास्थळ. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या गावांत मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवीत जगला. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून गावाने त्याला ‘शनिवार तेली’ म्हटले. १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य इस्राएलला गेले. त्यांच्या धर्मातल्या एका भांड्याविषयी मला लिहावयाचे आहे. कारण पाणी आणि भांडे हे आपल्या चळवळीचे जुने प्रश्न आहेत.

यहुदी घरात पाव-पोळी खाण्यापूर्वी विधिपूर्वक हात धुतात. त्याला ‘नेतिलात यादायिम’ म्हणतात आणि त्यासाठीच्या दोन कानांच्या पेल्याला ‘नातला’. नळाखाली हात धरून भागत नाही; माणसाने भांड्यातून पाणी ओतावे लागते. भांडे फुटके नसावे, त्यात निदान दीड अंड्याएवढे पाणी मावावे. दोन कान केवळ सोयीसाठी: धुतलेल्या हाताला न धुतलेल्या हाताचे पाणी लागू नये. आपला साधा तांब्याही चालतो.

हा नियम मुळात याजकांच्या अन्नाशी निगडित होता. पुढे तो सर्वसामान्यांच्या जेवणाला लागला. इ. स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत ‘यादायिम’, म्हणजे ‘हात’, असे स्वतंत्र प्रकरणच आहे. पाणी कोणी ओतावे? तिचे उत्तर असे की, सर्वच जण त्यास पात्र आहेत. मूकबधिर, वेडा, अजाण मूलसुद्धा.

त्या धर्मात विटाळ नाही असे मी म्हणत नाही. प्रेताचा आहे, मासिक पाळीचाही आहे. पण तो येतो आणि जातो. इथे सकाळपासून न धुतलेला आपलाच हात अशुद्ध मानला आहे.

आपल्याकडेही वरून हातावर पाणी ओतले गेले. अस्पृश्याने ओंजळ धरावी, सवर्णाने उंचावरून धार सोडावी, भांड्याला स्पर्श होऊ नये! क्रिया तीच, पण येथे अशुद्ध ठरला तो समोरचा माणूस, आणि तोही जन्मभर. पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य मिसळून तळे ‘शुद्ध’ केले.

आणि बेने इस्राएल? ‘सर्वच पात्र’ म्हणणाऱ्या परंपरेचा हा समाज कोकणात राहून स्वतःत ‘गोरा’ आणि ‘काळा’ असा भेद करू लागला. यहुदेतर स्त्रियांपासून झालेली संतती व तिचे वंशज ‘काळे’ ठरले. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार निषिद्ध झाला. विसाव्या शतकात हा भेद ओसरत गेला, पण तो रुजला होता हे विसरता येत नाही.

धर्मग्रंथ उदार आहे एवढ्याने समाज जातीपासून वाचत नाही. म्हणून कोणत्याही धर्माचे शुचितेचे नियम तपासताना आपण दोन प्रश्न विचारावेत: पाणी कोण ओततो, आणि पंगतीला कोण बसतो?