विन्सन नावाचा डोंगर, विन्सन नावाचे जहाज

अंटार्क्टिकातला सर्वांत उंच पर्वत एका अमेरिकी राजकारण्याच्या नावाने ओळखला जातो. माउंट विन्सन, उंची ४८९२ मीटर. चिलीच्या पुंता अरेनासहून मोठ्या विमानाने युनियन ग्लेशियरच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरायचे, तिथून पायांना स्की बसवलेल्या छोट्या विमानाने ब्रॅन्स्कम हिमनदीवरच्या तळावर जायचे, आणि मग चढाई. २०२४ च्या डिसेंबरात मुंबईच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलमधली सतरा वर्षांची काम्या कार्तिकेयन वडिलांसोबत या शिखरावर पोहोचली आणि तिची सात खंडांची सात शिखरे पूर्ण झाली. वडील भारतीय नौदलातले अधिकारी. ज्याच्या नावाच्या शिखरावर हे दोघे उभे होते, त्या माणसाची सगळी ओळखही नौदलाचीच.

कार्ल विन्सन यांचा जन्म १८८३ चा, जॉर्जिया राज्यातल्या मिलेजव्हिलजवळचा. हे गाव समुद्रापासून बरेच आत आहे. वकिली, राज्याच्या विधिमंडळात दोन कार्यकाळ, मग पराभव, मग काउंटीचे न्यायाधीशपद. आणि १९१४ च्या नोव्हेंबरात, एकतिसावे वर्ष पुरे व्हायच्या आत, ते पोटनिवडणुकीने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले. बाहेर पडले ते थेट जानेवारी १९६५ मध्ये. त्या गृहात पन्नास वर्षे पुरी करणारे ते पहिलेच.

अमेरिकेत युद्धनौका बांधायची तर काँग्रेसची मंजुरी लागते, आणि ती वाट समितीतून जाते. १९३१ मध्ये विन्सन नौदलविषयक समितीचे अध्यक्ष झाले. महामंदीचे दिवस होते, लोकांना जहाजांपेक्षा रोजगाराची चिंता होती. तरी १९३४ मध्ये विन्सन-ट्रॅमेल कायदा झाला आणि आंतरराष्ट्रीय करारांनी घातलेल्या कमाल मर्यादेपर्यंत नौदल वाढवायचा मार्ग मोकळा झाला. १९३८ मध्ये दुसरा कायदा आला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि जुलैत ‘दोन महासागरांच्या नौदला’चा कायदा मंजूर झाला: आरमारात सत्तर टक्के वाढ, अठरा विमानवाहू नौका, ११५ विनाशिका. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो पुढे दीड वर्षाने. अशी जहाजे महिन्या-दोन महिन्यांत उभी राहत नाहीत. त्यामुळे पॅसिफिकमधल्या विजयाचे श्रेय नौसेनापतींइतकेच या समितीच्या खोलीलाही द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते. संरक्षणमंत्रिपदासाठी त्यांचे नाव पुढे यायचे तेव्हा, ते खाते आपण इथूनच चालवलेले बरे, असे ते म्हणत.

डोंगराला नाव मिळाले ते अंटार्क्टिकाच्या शोधमोहिमांना त्यांनी काँग्रेसमध्ये दिलेल्या पाठिंब्यामुळे. अमेरिकी नौदलाच्या विमानांतून हा पर्वत जानेवारी १९५८ मध्ये प्रथम दिसला. पुढे निकोलस क्लिंच यांच्या तुकडीने १८ डिसेंबर १९६६ रोजी तो सर केला.

जहाजाची कथा वेगळी. हयात माणसाचे नाव युद्धनौकेला देण्याचा रिवाज तेव्हा जवळजवळ नव्हताच. तरीही १९७४ मध्ये अणुशक्तीवर चालणाऱ्या नव्या विमानवाहू नौकेसाठी विन्सन यांचे नाव जाहीर झाले. मार्च १९८० मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा शहाण्णव वर्षांचे विन्सन तिथे हजर होते. नौदलात ती दाखल झाली १९८२ मध्ये. आदल्याच वर्षी ते वारले होते. लांबी ३३३ मीटर, वजन सुमारे एक लाख टन. आपल्या अरबी समुद्राशी या जहाजाचा संबंध दोनदा जगाच्या बातमीत आला. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानावरच्या पहिल्या हल्ल्यांसाठी इथून विमाने उडाली, आणि मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा मृतदेह याच जहाजावरून उत्तर अरबी समुद्रात सोडण्यात आला. भारतीय नौदलाबरोबरच्या ‘मलबार’ सरावासाठी ते २०१२ आणि २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात आले होते.

डब्लिन या जॉर्जियातल्या आतल्या गावात दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे इस्पितळ उभे राहिले. आसपास समुद्र नाही, बंदर नाही. गाव मात्र विन्सन यांच्या मतदारसंघातले! आज ते माजी सैनिकांचे कार्ल विन्सन वैद्यकीय केंद्र आहे.

पण या पन्नास वर्षांचा पाया कशावर होता, हेही सांगितलेच पाहिजे. समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळे, आणि ज्येष्ठता मिळे वारंवार निवडून आल्याने. जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक जिंकली की काम झाले, आणि त्या निवडणुकीत १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीयांना मतदानच नव्हते. शाळांमधला वर्णभेद संपवणाऱ्या निकालाविरुद्ध १९५६ मध्ये दक्षिणेतल्या खासदारांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर विन्सन यांची सही आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्धही त्यांनी मत दिले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक दिले. कायद्यावर सही करणारे जॉन्सनच.

विन्सन यांना मूलबाळ नव्हते. नात्याने नातू लागणारे सॅम नन १९७२ मध्ये जॉर्जियातून सिनेटवर निवडून आले आणि पुढे त्या सभागृहाच्या सशस्त्र दल समितीचे अध्यक्ष झाले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथली अण्वस्त्रे मोडीत काढायला पैसा पुरवणारा नन-लुगर कायदा, तो यांचाच.