एकवीस दिवसांची सावड

लेखमाला : आजार आणि आपण – लेखांक ९

पाऊस धरला, खाचरात पाणी उभं राहिलं, की पेठच्या डोंगरात आवणीला मोजकेच दिवस हाती असतात. भाताचं रोप साधारण तीन आठवड्यांचं झालं की उपटून लावायचं. जून झालं तर फुटवे कमी येतात. एका घरच्या दोन-तीन बायकांच्या हातून एवढं काम उरकत नाही आणि मजूर लावायला गाठीला पैसा नसतो. मग आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. सह्याद्रीच्या पट्ट्यात या रीतीला सावड म्हणतात. कुठे इर्जिक, कुठे पडकई. सावडीत पैसा फिरत नाही, दिवस फिरतात. तू माझ्याकडे एक दिवस वाकलीस, मी तुझ्याकडे एक दिवस वाकेन. यात उपकार कुणाचेच नसतात, म्हणून कुणाला कुणापुढे मिंधं व्हावं लागत नाही.

गेल्या आठवड्यात किमोथेरपीची औषधं पेशींवर कशी चालतात ते पाहिलं. आजचा विषय डॉक्टरच्या चिठ्ठीवर कधी लिहिलेला नसतो : स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बायकांची एकमेकींशी जुळणारी मैत्री. तिच्याबद्दल फार गोडगोड लिहिलं जातं. गुलाबी फिती, हसरे चेहरे, 'लढाई जिंकलेल्या' बायका. मला ती सावडीसारखी दिसते, म्हणून सुरुवात खाचरातून केली.

समजा, पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला छातीत गाठ लागली. ('स्तन' हा शब्द आपण छापतो; बोलताना बाई छाती म्हणते, फार तर खालच्या आवाजात थान.) भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते असा अंदाज आहे, बायकांना होणाऱ्या कर्करोगांत तो पहिल्या क्रमांकावर आहे. पण हा लाखांचा आकडा पाड्यावर येईतो एक होतो. तिथे ती एकटीच असते. नणंदेला, जावेला, शेजारणीला बाळंतपणातलं सगळं ठाऊक असतं, मलेरियातलं ठाऊक असतं. या आजारातलं कुणालाच काही ठाऊक नसतं. एखादी येऊन 'काही होत नाही गं' म्हणते आणि निघून जाते. दुसरी येतच नाही, कारण हा आजार शिवल्यानं होतो अशी भीती अजून गेलेली नाही. तो शिवल्यानं होत नाही, हे या मालेत आधी एकदा लिहिलं आहे. आणखी दहादा लिहायलाही हरकत नाही.

मग ती सावळघाट, कोटंबी घाट ओलांडून ५०-५५ किलोमीटरवरच्या नाशिकला येते. काहींचे उपचार शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात होतात, काहींचे खासगीत. काहीजणी पुढे मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जातात. आणि कुठल्या तरी दवाखान्यातल्या बाकावर, हाताला सलाईन लावलेली असताना, तिला पहिल्यांदा अशी बाई भेटते जिला सगळं ठाऊक आहे.

ही भेट योगायोगाची वाटते, पण तिच्यामागे शरीराचा एक नियम आहे. किमोथेरपीची बरीचशी औषधं दर २१ दिवसांनी देतात. औषध वेगानं वाढणाऱ्या पेशी मारतं आणि त्यात हाडांच्या मगजातल्या पांढऱ्या पेशीही सापडतात. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या सर्वांत कमी होतात, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा भरून येतात. तेव्हा पुढचा डोस. त्यामुळे ज्या दोघीजणी एका दिवशी शेजारी बसल्या, त्या २१ दिवसांनी बहुधा पुन्हा शेजारी बसतात. मग पुन्हा २१ दिवसांनी. कुणी ठरवलेलं नसतं. मगजानं ठरवलेलं असतं. त्यातली एक दोन डोस पुढे असते, आणि त्या दोन डोसांचं अंतर हेच मोठं धन.

पुढे असलेली काय सांगते? धीर धर, असं सहसा सांगत नाही. ती सांगते, लाल औषध चढवलं की एक-दोन दिवस लघवी लाल होईल, रक्त नाही ते, घाबरू नको. (डॉक्सोरुबिसिन नावाचं औषध खरंच लाल असतं आणि तो रंग लघवीत उतरतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या वीस गोष्टींत ही एक हरवून जाते, आणि रात्री पाड्यावर बाई एकटीच मरणाचा विचार करत बसते.) ती सांगते, दुसऱ्या डोसाच्या आधी केस हातात येतील, तेव्हा आधीच बारीक कापून घे, एकदम जातात तेव्हा फार लागतं. नागलीची भाकरी गिळवत नसेल तर नागलीचीच आंबील पी. नखं काळी पडतील, नंतर पुन्हा येतील. ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही, गाडी करायची. पांढऱ्या पेशी खाली असताना साधा ताप जिवावर बेततो.

ऑपरेशननंतर काखेजवळ नळी असते, तिच्या टोकाला पाणी साठणारी पिशवी किंवा बाटली. ती घेऊन एसटीत कसं बसायचं, हा प्रश्न सर्जनला विचारावासा वाटत नाही. बाकावरची मैत्रीण जुन्या साडीची पिशवी दाखवते : गळ्यात अडकवायची, वरून पदर. काखेतल्या गाठी काढल्यावर हात आखडतो, पुढे सुजूही शकतो. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम रोज करायचा असतो. छापील कागदावर त्याचं चित्र असतं. पण 'माझी बोटं कालपर्यंत खिडकीच्या गजाला लागत नव्हती, आज लागली,' हे ऐकून जो हात वर जातो, तो कागद पाहून जात नाही.

ही गोष्ट वैद्यकानं फार उशिरा ओळखली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर नावाच्या बाईचा स्तन शस्त्रक्रियेनं काढला. त्या काळी छातीचे स्नायूही सोबत काढत. पुढे हात कसा हलवायचा, ब्लाउजात काय भरायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, हे तिला कुणी धड सांगितलं नाही. तिनं स्वतः शोधलं आणि मग ती नव्यानं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या खाटांशी जाऊन बसू लागली. डॉक्टरांना हे रुचलं नाही; आमच्या रुग्णाशी आमच्या परवानगीशिवाय बोलणारी ही कोण? तरीही तिचा 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम वाढत गेला, १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तो आपल्याकडे घेतला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. अट एकच : भेटायला जाणारी स्वतः त्यातून गेलेली हवी.

आता वाचकांच्या मनातला प्रश्न. मैत्रीनं आयुष्य वाढतं का?

१९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल या स्टॅनफर्डच्या मनोविकारतज्ज्ञानं 'लॅन्सेट'मध्ये एक निष्कर्ष छापला आणि खळबळ उडाली. आजार शरीरभर पसरलेल्या ८६ बायका. त्यांतल्या काही वर्षभर आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसून बोलत, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. एकत्र बसणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जवळजवळ दुप्पट! 'मन खंबीर तर कॅन्सर हरतो' म्हणणाऱ्यांना आयतं शस्त्र मिळालं. मग कॅनडात २३५ बायकांवर हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला. २००१ मध्ये निकाल आला : १७.९ महिने आणि १७.६ महिने. म्हणजे फरक नाही. स्पीगेलनं स्वतः प्रयोग पुन्हा केला, २००७ मध्ये त्यालाही पहिला निकाल मिळाला नाही आणि त्यानं तसं छापलं. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं.

मात्र कॅनडाच्या त्या अभ्यासातली दुसरी ओळ कमी वाचली गेली. गटात बसणाऱ्या बायकांचा मानसिक त्रास आणि वेदना कमी होत्या, विशेषतः ज्या आधीच फार खचलेल्या होत्या त्यांच्या. गाठ बोलण्यानं विरघळत नाही. दुखणं मात्र कमी होतं, आणि दुखणं ही काही लहान गोष्ट नव्हे. माझ्या मते 'पॉझिटिव्ह राहा' हा सल्ला उलट क्रूर आहे : आजार पुन्हा आला तर तोही बाईचाच दोष, ती हसली नाही म्हणून.

अमेरिकेतच २००६ मध्ये २,८३५ परिचारिकांचा एक अभ्यास आला. सगळ्यांना स्तनाचा कर्करोग झालेला. ज्यांना जवळचं माणूस, मैत्रीण, नातलग फारसं नव्हतंच, त्यांच्यात या आजारानं होणारे मृत्यू दुप्पट आढळले. हे कॅनडाच्या निकालाच्या विरोधात नाही. इथे बोलण्याची जादू शोधायची गरज नाही. दवाखान्यात नेणारं, तारखेची आठवण करणारं, मुलांना सांभाळणारं कुणी नसेल तर उपचार अर्धवट सुटतात. सावडीला माणूस नसेल तर रोप जून होतं, तसंच.

आणि सावडीला बांध एक लागतो. मैत्री नुसत्या इच्छेनं होत नाही, तिला बाक लागतो. मुंबईत दादरच्या श्री गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात; तिथल्या नळावर, जेवणाच्या रांगेत जळगावची बाई आणि चंद्रपूरची बाई एकमेकींचे रिपोर्ट वाचतात. किरणोपचारात तर ही मैत्री आणखी घट्ट होते. पूर्वी पाच आठवडे लागत, आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांत १५ बैठका पुरतात. शनिवार-रविवार सोडून रोज, बहुतेकदा ठरलेल्या वेळी. यंत्राखाली काही मिनिटं, बाहेर वाट पाहणं तासभर. तीन आठवडे रोज तासभर एकाच बाकावर! सख्ख्या बहिणींनाही लग्नानंतर एवढा वेळ मिळत नाही. नवऱ्यासमोर उघडी न पडलेली छाती तिथे एकमेकींना दाखवली जाते : माझी कातडी इथे काळी पडली, तुझी? मलम लावलंस का? घरच्यांपुढे हे जमत नाही, कारण घरचे घाबरतात आणि मग बाईला त्यांनाच सांभाळावं लागतं. बाकावरची परकी असते, म्हणून तिच्यापुढे रडता येतं.

पेठच्या बाईला हा बाक परवडतो का, हा खरा पेच. आवणीचे दिवस गेले, दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत टोळी गेली, की घर रिकामं. तिच्याबरोबर जाणाऱ्याचा रोज बुडतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे सोबत येणारी बाईच असेल तर तीही अर्ध्यात येते. पुरुष आला तर पूर्ण. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सूट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांचा खर्च बसतो, त्याला रेशनकार्ड लागतं. हे सगळं सरकारी कागदावर आहे, पण पाड्यावर पोचतं ते आधी जाऊन आलेल्या बाईच्या तोंडून. 'रेशनकार्ड विसरू नको, मी विसरले होते, पूर्ण दिवस गेला.'

या मैत्रीत चुकीचा सल्लाही फिरतो, हे सांगायलाच हवं. कुणीतरी पाल्याचा रस सुचवते, कुणी म्हणते टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं कशाला, मी दोन वर्षांत सोडली, मला काय झालं? गोळी सोडल्याचं कधी काय होतं ते दोन वर्षांत दिसत नाही, म्हणूनच ते बोलणं खरं वाटतं. अनुभव शरीराबद्दल ऐकावा; औषध सोडण्याबद्दल ऐकू नये.

आणि एक दिवस शेजारची खाट रिकामी असते. दोघी एका डोसाला होत्या, एकीचा आजार यकृतात गेला. फोन लागत नाही, मग तिचा मुलगा उचलतो. मागे राहिलेली महिनाभर तपासणीला जात नाही. तिला वाटतं, आता आपली पाळी. अपराधीही वाटतं, की आपण का राहिलो. धीर देण्यात पटाईत असलेले सगळे या वेळी गप्प होतात. हिशेब अर्धाच राहिलेला असतो : तिनं आपल्यासाठी घातलेले दिवस आता फेडायचे कुणाला?

कदाचित अजून न तपासलेल्या बायकांना. भारतात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ज्यांची छाती कधीतरी तपासली गेली अशांचं प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरात एकसुद्धा नाही. दुसरीकडे टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं छाती तपासत. २०२१ मध्ये निकाल आला : पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही. ना मोठं यंत्र, ना वीज. शिकवलेला बाईचा हात.

तर उपचार संपवून पाड्यावर परतलेली बाई. केस दोन बोटं वाढलेत, डोक्यावर पदर. दिवेलागणीला शेजारची सून येते. आधी तांदळाचं बोलते, मग पावसाचं, मग पोराच्या शाळेचं. उठते, पुन्हा बसते. शेवटी दार लोटून घेते आणि म्हणते, "काकू, जरा हात लावून बघशील का?"

काकू बघते. "दुखतं का गं?"

"नाही. म्हणूनच काही नसंल असं वाटलं."

"मलाबी तसंच वाटलं होतं." काकू पदर सावरते. "उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. रेशनकार्ड घे."