घरच्या कर्करोग-सेवेत पैसे गुंतवताना

केमोथेरपीसाठी दर वेळी रुग्णालयात राहावंच लागतं असं नाही. आतड्याच्या कर्करोगावरचं फ्लुरोयुरासिल छोट्या पंपातून सुमारे 46 तास सावकाश देतात. पंप कमरेला लावून रुग्ण घरी जातो. अशा रुग्णांना घरी सेवा देणाऱ्या स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्याने ॲपचं देखणेपण बाजूला ठेवून आधी विचारावं : रात्री दोनला ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर फोन कोण उचलतं? पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना असा ताप जिवावर बेतू शकतो. प्रशिक्षित परिचारिका, कर्करोगतज्ज्ञांचं पाठबळ, उरलेल्या औषधाची सुरक्षित विल्हेवाट यांवरचा खर्च वाचवून दाखवलेला नफा मला धोकादायक वाटतो. स्टार्टअपमधल्या गुंतवणुकीवर लागणारा एंजल टॅक्स 2024 च्या अर्थसंकल्पाने रद्द केला, पण रुग्णाचं बिल विमा कंपनी भरेल का, हे पॉलिसीगणिक वाचूनच कळतं.