यादीत नाव, हातात फोटो

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला पासपोर्ट दाखवून लंडनमध्ये मत देता येतं. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे मतदानाचा हक्क आहे. मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत फोटोचा पुरावा सक्तीचा झाला, त्यातही भारतीय पासपोर्ट ग्राह्य धरला गेला. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरातली जी मुलगी तिकडे नोकरीला आहे, तिला इथल्या यादीतही परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं. फक्त मतदानाला स्वतः यावं लागतं आणि केंद्रावर मूळ पासपोर्टच लागतो.

घरी राहिलेल्या आईवडिलांना इतकी अडचण नाही. मतदार ओळखपत्र सापडलं नाही, तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं कार्ड अशा बारा पर्यायांपैकी एक पुरतो. नावात काना-मात्रा चुकली असली तरी ओळख पटल्यावर मतदाराला परत पाठवायचं नसतं. घरपोच आलेली मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीला एकटी चालत नाही.

आपल्याकडे हे सारं सुरू झालं १९९३ मध्ये. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी फोटो ओळखपत्रांचा आदेश काढला आणि राज्यं खर्चाचं कारण सांगू लागली. १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रांशिवाय निवडणूकच होणार नाही, असं त्यांनी बजावलं. तसं झालं नाही, पण कामाने वेग घेतला.

त्याआधी माणूस ओळखायचा तो माणसांनीच. उमेदवाराचा पोलिंग एजंट बहुधा गावातला किंवा वॉर्डातलाच असे. त्या काळाची खूण नियमांत अजून आहे: मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर एजंटाने केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरायचे. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर खऱ्या मतदाराला टेंडर व्होट मागता येतं. ते यंत्रावर नसतं. कागदी मतपत्रिकेवर घेऊन वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात.

तरीही खरी मेख यादीत आहे. नाव नसेल, तर ओळखपत्र खिशात असूनही मत देता येत नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तरेतल्या अनेक स्त्रियांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढीच ओळख दिली. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण त्यामुळे स्त्रीचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर येणं भाग पडलं.

ब्रिटनमध्ये फोटोच्या पुराव्यासाठी मोफत प्रमाणपत्राची सोय असूनही २०२३ मध्ये सुमारे १४,००० जण केंद्रावरून पुराव्याअभावी मत न देताच परतले, असं तिथल्या निवडणूक आयोगाने नोंदवलं. पुरावा सक्तीचा करणाऱ्या सरकारने तो मतदाराच्या दारात पोचवलाच पाहिजे. या बाबतीत आपली एक तरतूद अभिमान वाटावा अशी आहे. यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो तिथे बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, रात्री जाऊन खात्री करायची असते, तीही एकाहून अधिक रात्री. हे काम शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडीताई आपली नोकरी सांभाळून करतात.

पंचवटीतून किंवा सिडकोतून गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबासाठी यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ चा अर्ज असतो, प्रथमच नाव घालणाऱ्यासाठी नमुना ६. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, म्हणून अर्ज त्याच्या बराच आधी गेलेला बरा.