बर्फावरचा पहिला धडा पडण्याचा असतो

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर एक हात कडीला असू द्या, कारण आजचा विषय तोल सांभाळण्याचा आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना मध्येमध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत. बरेचसे.

गेल्या महिन्यात एक मेसेज आला. "ताई, मी इंद्रलोकला राहते. आईस स्केटिंगचे रील्स बघून वेड लागलंय. आपल्याकडे नवशिक्यांसाठी ग्रुप क्लास आहे का?"

मीही इंद्रलोकचीच. गोल्डन नेस्टच्या सिग्नलवर रिक्षाची वाट बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. त्यामुळे सरळ सांगते. इंद्रलोकमध्ये बर्फाची रिंक नाही. पण आईस स्केटिंगची सुरुवात इंद्रलोकमध्ये होऊ शकते का? हो, होऊ शकते. कशी, तेच आज समजून घेऊ.

एक गंमत माहितीये? बर्फाची रिंक एकेकाळी आपल्या अगदी जवळ होती. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं आणि तिथे आईस स्केटिंगची रिंक होती. भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे रस्ता थेट तिकडे जातो. तुमच्या आईबाबांना विचारा, शाळेच्या सहलीत कोणीतरी तिथे कठडा धरून उभं राहिलेलं असणारच. आता एस्सेलवर्ल्ड बंद आहे. राहिल्या त्या आठवणी, आणि रील्स.

माझं मनगट

आता माझी गोष्ट. मी नऊ वर्षांची असताना आईने मला स्केटिंगच्या क्लासला घातलं. चार चाकांचे स्केट्स, संध्याकाळी सहा ते सात, वीस-बावीस मुलं आणि एक सर. पहिल्याच दिवशी सरांनी हात धरून मला ओढत एक चक्कर मारून आणली आणि म्हणाले, "बघ, आलं की तुला!" तिसऱ्या दिवशी त्यांनी हात सोडला. मी मागे कलले, दोन्ही तळहात जमिनीवर टेकले आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. स्केट्स माळ्यावर गेले, आणि आईचं एक वाक्य घरात कायमचं मुक्कामाला आलं: "एकदा हात मोडला तेवढं पुरे."

त्यानंतर सतरा वर्षं मी चाकांवर पाय ठेवला नाही. मला वाटायचं, मीच धांदरट. मला तोलच नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताईकडे मिसिसागाला गेले होते. कॅनडात जवळपास प्रत्येक वस्तीत कम्युनिटी सेंटर असतं आणि बऱ्याच सेंटरमध्ये बर्फाची रिंक. ताईची सहा वर्षांची लेक तिथल्या क्लबात ग्रुपमध्ये शिकत होती. तिकडे 'स्केट कॅनडा' या संस्थेचा 'कॅनस्केट' नावाचा कार्यक्रम देशभर चालतो. त्यात तोल, ताबा आणि चपळाई अशा तीन बाजूंनी शिकवतात, सहा टप्पे असतात आणि टप्पा पार केला की बिल्ला मिळतो. डोक्यावर हेल्मेट नसेल तर नवशिक्या पोराला बर्फावर सोडतच नाहीत.

मी काचेमागे कॉफी घेऊन बसले होते. भाची आली आणि म्हणाली, "मावशी, मोठ्यांचाही क्लास आहे. तू का नाही येत?" सहा वर्षांच्या पोरीला काय उत्तर देणार? गेले.

पहिल्या दिवशी आम्ही नऊजण होतो. एक आजोबा साठीच्या पुढचे. शिकवणाऱ्या बाईंनी पहिली वीस मिनिटं काय शिकवलं असेल? पडायला. चुकून नाही, मुद्दाम, पुन्हा पुन्हा.

पडायचं कसं

हे नीट ऐका, कारण चाकांवरही हेच लागू आहे.

तोल जातोय असं वाटलं की आपण ताठ होतो आणि मागे कलतो. नेमकं उलट करायचं. गुडघे वाकवायचे, खाली जायचं आणि एका बाजूला कुल्ल्यावर बसल्यासारखं पडायचं. कुल्ल्याला मांस असतं, ते मार सोसतं. हनुवटी छातीकडे ओढायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात मागे टेकायचे नाहीत. माझं मनगट मोडलं ते तिथेच: अख्ख्या शरीराचं वजन पसरलेल्या तळहातावर आलं. बर्फावर तर मुठी मिटून घ्यायच्या, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं जाऊ शकतात.

उठायचंही तंत्र आहे. आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचं. मग एक पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं. दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवायचे आणि उठायचं.

त्या वीस मिनिटांत मी सोळा वेळा पडले. सोळाव्या वेळी हसत होते. नऊ वर्षांच्या मला हे कोणी सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी त्या दिवशी रिंकवरच स्वतःला विचारला, आणि खरं सांगते, थोडं रडूही आलं. धांदरट मी नव्हतेच. मला पडायला शिकवलंच नव्हतं.

बर्फ घसरतो का?

आता थोडं विज्ञान. शाळेत आपल्याला सांगितलं होतं की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो. हिशोब करून बघू. वजन साठ किलो. पातं साधारण 4 मिलिमीटर जाड, आणि समजा त्याचा 10 सेंटिमीटर भाग बर्फाला टेकलाय. दाब येतो हवेच्या दाबाच्या साधारण पंधरा पट. एवढ्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू फार तर एका डिग्रीच्या दहाव्या भागाने खाली येतो. पात्याच्या कडेवर उभं राहून दाब दहापट झाला, तरी जेमतेम एक डिग्री. रिंकचा बर्फ मात्र उणे चार-पाच डिग्रीला असतो. म्हणजे नुसत्या दाबाने भागत नाही.

मग? दोन गोष्टी. एक, बर्फाच्या अगदी वरच्या थराचे रेणू आतल्यासारखे घट्ट बांधलेले नसतात. शून्याच्या खालीही तिथे पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. मायकेल फॅरेडे यांनी 1850 च्या सुमारास हे सुचवलं होतं. दोन, पातं घासलं की उष्णता तयार होते आणि तो थर आणखी ओला होतो. 1939 मध्ये बोडेन आणि ह्यूज यांनी प्रयोग करून घर्षणाचा हा वाटा दाखवला.

आणि रिंक बनते कशी? काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून शून्याखालचं द्रव फिरवतात. बऱ्याच रिंकमध्ये हे द्रव म्हणजे खारं पाणी, कारण मीठ घातलेलं पाणी शून्याला गोठत नाही. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, तीच युक्ती. लादीवर पातळ थरांत पाणी मारत जातात आणि तीन-चार सेंटिमीटर बर्फ जमला की झालं. मिठागरांच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे ऐकून बरं वाटायला हरकत नाही.

मग इथे रिंक का नाही? आपली दमट हवा बघा. थंड बर्फावर हवेतली वाफ सतत बसत राहते, म्हणजे बर्फ गार ठेवायचा आणि हवाही कोरडी ठेवायची, बारा महिने. विजेच्या बिलाचा अंदाज तुम्हीच करा.

क्लासमध्ये पुढे काय?

पडणं-उठणं जमलं की क्रम साधारण असा असतो.

पहिलं, जागच्या जागी पावलं टाकणं. मग तीच पावलं टाकत पुढे जाणं. मग चार पावलं टाकून दोन्ही पाय शेजारी ठेवायचे आणि घसरत जायचं. ती पहिली घसरण तीन सेकंदांची असते, पण आयुष्यभर लक्षात राहते.

मग येतो मासा. टाचा जवळ, पंजे बाहेर. पाय लांब करायचे, मग पंजे आत घेऊन पुन्हा जवळ आणायचे. बर्फावर जी रेघ उमटते ती उत्तनच्या बाजारातल्या पापलेटसारखी दिसते. पाय न उचलता पुढे जाण्याची ही रीत.

आणि थांबणं. बर्फाच्या स्केटला ब्रेक नसतो. फिगर स्केटच्या टोकाला दाते असतात, पण ते उड्या आणि गिरक्यांसाठी. त्यांनी थांबायला जाल तर तोंडावर पडाल. थांबायचं तर गुडघे वाकवून टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे पातं आडवं खरवडतं आणि समोर बर्फाचा चुरा जमतो.

पात्याबद्दल अजून एक. ते खालून सुरीसारखं धारदार नसतं. मधे खोलगट पन्हाळ असते आणि दोन्ही बाजूंना एकेक कड. आतल्या कडेवर कललात तर एकीकडे वळता, बाहेरच्या कडेवर कललात तर दुसरीकडे. पुढचं सगळं स्केटिंग म्हणजे या कडांचा खेळ.

चाकं आणि बर्फ: चुलत भावंडं

आता मूळ प्रश्नाकडे. इंद्रलोकमध्ये सुरुवात कशी करायची? चाकांवर.

हा नाइलाजाचा सल्ला नाही. एका रांगेत चाकं असलेले इनलाइन स्केट्स लोकप्रिय झाले तेच बर्फामुळे. अमेरिकेत मिनेसोटात ओल्सन बंधूंनी 1980 च्या सुमारास 'रोलरब्लेड' सुरू केलं, आणि कल्पना हीच होती की आईस हॉकीवाल्यांना उन्हाळ्यातही सराव करता यावा. आपल्याकडे उन्हाळा कायमचाच आहे, एवढाच फरक.

गुडघे वाकवणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, पाय मागे न मारता बाजूला ढकलणं, हे सगळं दोन्हीकडे सारखं. थांबणं मात्र वेगळं. चाकं बर्फासारखी सहज आडवी घसरत नाहीत, म्हणून ते बर्फावर नव्याने शिकावं लागतं. मी मिसिसागाला याच्या उलट रस्त्याने गेले. बर्फावर शिकले आणि परत येऊन चाकांवर उभी राहिले.

आणि चाकांना कमी लेखू नका. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी 3000 मीटर रिलेमध्ये कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही नावं होती.

क्लास निवडताना

पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं उभं राहून बघा.

एक: पहिल्या दिवशी पडायला शिकवतात का? नाही, तर घरी या.

दोन: एका शिकवणाऱ्यामागे मुलं किती? कॅनस्केटमध्ये एका कोचमागे जास्तीत जास्त दहा असतात. वीस-बावीस असतील तर नवशिक्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

तीन: हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्यांचे गार्ड सक्तीचे आहेत का? चाकांसाठी मनगटाचा गार्ड सगळ्यात आधी घ्या. हे मी अनुभवाने सांगतेय.

चार: जागा कुठली? सोसायटीचा पोडियम चालेल, पण सपाट हवा, ओला नको आणि गाड्यांची ये-जा नको.

पाच: बूट बरोबर मापाचे. पायाच्या वाढीसाठी दोन नंबर मोठे घेणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. इथे तो करू नका. घोटा आत हलला की तोल गेलाच. नाडी बोटांकडे सैल आणि घोट्याशी घट्ट.

ग्रुपचा फायदाही सांगते. एकटं शिकताना प्रत्येक पडणं म्हणजे आपला अपमान वाटतो. आठजण एकत्र पडत असले की तो नुसता सराव असतो.

आणि खऱ्या बर्फाची ओढ असेल तर आपल्या देशात तोही आहे. शिमल्याची उघड्यावरची रिंक 1920 पासूनची, थंडीने गोठणाऱ्या पाण्यावर चालणारी. लेहमध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत बर्फावरचं स्पीड स्केटिंग होतं. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेली बंदिस्त रिंक आहे आणि ऑगस्ट 2025 मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची आशियाई स्पर्धा झाली.

शेवटी आई

परत आल्यावर मी सोसायटीतल्या रविवारच्या क्लासला नाव घातलं. आईने सतरा वर्षांपूर्वीचं वाक्य पुन्हा म्हटलं. मी भांडले नाही. हॉलमध्ये गादी टाकली आणि तिला पडून दाखवलं. गुडघे, कुल्ला, हनुवटी, मुठी. मग म्हटलं, "आता तू पड."

ती पडली नाही. पण पुढच्या रविवारी खाली आली आणि खांबाशेजारी उभी राहून पूर्ण तासभर बघत बसली. मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा उठत होते तेव्हा ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "बघा, हात नाही टेकला तिने."

तर मेसेज करणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर हे आहे. बर्फ नंतर बघू. या रविवारी सकाळी मनगटाचे गार्ड घेऊन खाली ये. आधी पडू, मग उठू. भेटू पुढच्या भागात!