हळदीचं दूध आणि एनएफ-कप्पा-बी

‘हळदीतलं कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बी बंद करतं, म्हणून कॅन्सर होत नाही.’ मावशीकडून हा मेसेज दर महिन्याला येतो, खाली हात जोडलेले. पूर्वी नुसतं ‘हळद गुणकारी’ असायचं. आता मधे एक शास्त्रीय नाव घातलं की वाद मिटला!

हे एनएफ-कप्पा-बी म्हणजे जनुकांना चालू-बंद करणारं प्रथिन, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधलं. एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने ते पेशीद्रवात डांबून ठेवलेलं असतं. जंतू शिरला की सुटतं, केंद्रकात जातं, डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि दाहाची जनुकं चालू करतं. काही कॅन्सरमध्ये ते चालूच राहतं, इथवर मावशीचं बरोबर. काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की ते दबतं, हेही खरं.

पण बशी म्हणजे माणूस नव्हे हो! चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम हळदीत कर्क्युमिन जेमतेम शंभर मिलिग्रॅम. त्यातलं बहुतेक शोषलंच जात नाही. जे जातं त्याचं रूप आतडं आणि यकृत लगेच पालटून टाकतात. शिवाय हा रेणू चाचण्यांनाही फसवतो: स्वतःच चमकतो, अनेक प्रथिनांना चिकटतो, आणि परिणाम झाल्यासारखं दिसतं. कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त हिशोबच मांडला: १२०हून अधिक वैद्यकीय चाचण्या, आणि डबल-ब्लाइंड, प्लासिबोशी तुलना केलेली यशस्वी चाचणी एकही नाही.

‘मग मिरी घालून घ्या.’ शोषण वाढतं, कबूल. पण हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची अमेरिकेतली नोंद २०२२ मध्ये आली, आणि त्यांच्या काही गोळ्यांत मिरीचा अर्कही सापडला. वरणातल्या हळदीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला रोखणारी औषधं डीएनए बदलतात? नाही, अक्षरं तीच राहतात, वाचायचं की नाही एवढंच ठरतं. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन गेली कित्येक वर्षं इस्ट्रोजेन रिसेप्टर या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला असंच अडवतंय.

बाकीचे फॅक्टर औषधाला दादच देत नाहीत? एचआयएफ-२-अल्फा या फॅक्टरला रोखणाऱ्या बेल्झुटिफॅन या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

आणि एनएफ-कप्पा-बी कायमचंच बंद केलं तर? त्याचा आरईएलए हा मुख्य भाग काढून टाकलेले उंदीर जन्माला येत नाहीत. गर्भातच त्यांचं यकृत नष्ट होतं.